माघातला पाऊस आणि रामटेकची वाट

विदर्भात माघ सरू लागला की थंडीचा जोर ओसरतो, संत्र्याच्या बागांत आंबिया बहार दरवळतो आणि हरभरा सोंगणीला येतो. नेमके याच सुमारास एखाद्या आठवड्यात आभाळ भरून येते. भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतावर येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा प्रभाव मध्य भारतापर्यंत पोहोचतो. बंगालच्या उपसागरावरील बाष्प त्यात मिसळते आणि विजांच्या कडकडाटासह पाऊस, क्वचित गाराही पडतात.

अशाच एका आठवड्यात बाबांना नागपूरहून रामटेकला न्यायचे ठरले होते. वय ८२, त्यात दम्याचा जुना विकार. आई गेल्यापासून तिच्या तिथीच्या सुमारास गडावर जाण्याचा त्यांचा नेम चुकला नव्हता. अंदाजात मंगळवार-बुधवारी नारिंगी इशारा, म्हणजे ‘सज्ज राहा’. गुरुवारी पिवळा, म्हणजे ‘लक्ष ठेवा’. शुक्रवारी आकाश निरभ्र. ‘‘बाबा, या आठवड्यात राहू द्या,’’ असे मी म्हणताच ते शांतपणे म्हणाले, ‘‘पुढचे वर्ष कोणी पाहिले आहे?’’

मग अंदाज पुन्हा नीट वाचला. शुक्रवारचे निरभ्र आकाश मोहात पाडणारे होते. परंतु ढग रात्री पांघरुणासारखे असतात. ते हटले आणि उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले की पहाटेचा पारा झपाट्याने उतरतो. दमेकऱ्यांना पावसाइतकीच ही पावसानंतरची पहाट बाधते. म्हणून शनिवार ठरला, आणि निघायचे तेही सकाळी दहानंतर.

मधले दिवस घरात गेले. दमट हवेत वाळत घातलेले कपडे बाबांच्या खोलीतून हलवले. शेगडी पेटवून दारे बंद करण्याचा मोह टाळला. कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही. थंडीत वृद्धांना तहान लागत नाही, म्हणून कोमट पाण्याचा पेला वेळोवेळी हाती दिला. फवारा संपत आला होता, तो डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवला.

शनिवारी सुमारे ५० किलोमीटरची वाट धुऊन निघाल्यासारखी दिसत होती. काही शेतांत मात्र हरभरा आडवा झाला होता. ते पाहून बाबा बराच वेळ बोलले नाहीत. गडावर गाडी वरपर्यंत गेली. ओल्या पायऱ्यांवर त्यांनी माझा हात धरला. एरवी ते धरू देत नाहीत. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे परंपरा मानते. दर्शन घेऊन बाबा खिंडसीच्या पाण्याकडे पाहत उन्हात बसले.

‘‘तुझ्या आईला इथले ऊन आवडायचे,’’ ते म्हणाले.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना पावसाच्या नावाने सरसकट ‘नाही’ म्हणण्यापूर्वी अंदाज त्यांच्यासोबत बसून वाचावा. बहुधा दिवस बदलावा लागतो, वाट नाही.