भूगर्भाचें चित्र कीं अनुमान?

पृथ्वीचें पोट कापून दाखविणारीं तांबडीं-निळीं चित्रें हल्लीं शाळकरी मुलांच्याहि पाहण्यांत येतात, आणि तीं पृथ्वीचे 'फोटो' म्हणून ओळखलीं जातात. या शब्दास आमची हरकत आहे. मनुष्यानें पाडलेलें सर्वांत खोल छिद्र रशियांतील कोला द्वीपकल्पावरचें. तें १२ किलोमीटरांहून किंचित् अधिक खोल. भूकवचाखालील खडकाचा थर, ज्यास प्रावरण म्हणतात, तो तर सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पोंचतो. तेथें डोळा जाणार कसा? हें प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. तर्कशास्त्राचीं पहिलीं पानें वाचलेल्यास पर्वतावरील धूर व अग्नि हें उदाहरण पाठ असतें. येथें धुराच्या जागीं विलंब आहे, एवढाच भेद.

भूकंप झाला म्हणजे त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटांतून सर्व दिशांनीं जातात व दूरदूरच्या यंत्रांवर उमटतात. दाबाच्या लहरी आधीं येतात, आडव्या हेलकाव्याच्या मागाहून. १८९७ सालच्या जूनमध्यें आसामांत झालेल्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनीं केला, आणि युरोपांतील यंत्रांच्या नोंदींत या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. पुढें १९०६ सालीं पृथ्वीस निराळा गाभा असल्याचा पुरावा त्यांनींच मांडला. आपल्या भूमीचा कंप या शास्त्राच्या पायाशीं आहे, हें मुलांस आवर्जून सांगावें असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

आतां विलंबाची गोष्ट. उष्ण खडकांतून लहर मंद जाते, थंड खडकांतून जलद. अपेक्षेहून दोन सेकंद उशिरा आलेली लहर, वाटेंत कोठेंतरी कांहीं अडलें, एवढेंच सांगते. ठिकाण सांगत नाहीं. परंतु हजारों भूकंपांच्या वाटा एकमेकींस छेदूं लागल्या म्हणजे गणितानें तें ठिकाण हुडकतां येतें. इस्पितळांतील सीटी स्कॅन याच न्यायानें चालतो. जेथें वाटा विरळ, तेथें चित्र धूसर. तांबडा म्हणजे मंद व निळा म्हणजे जलद, हा चित्र काढणारांचा संकेत. खडकास तो रंग नाहीं. शिवाय मंदपणा द्रव्यभेदानेंहि येतो. आफ्रिकेच्या व पॅसिफिक महासागराच्या खालीं, प्रावरणाच्या तळाशीं, खंडांएवढे मंद प्रदेश सांपडले आहेत. ते केवळ उष्ण कीं निराळ्या द्रव्याचे, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. हेत्वाभासाची भीति आहे ती येथेंच.

आम्हांस सर्वांत प्रिय चित्र आपल्याच पायांखालचें आहे. हिंदुस्थान आशियास भिडण्यापूर्वीं मध्यें टेथिस नांवाचा समुद्र होता. १९९९ सालीं व्हॅन डर व्हो व त्यांचे सहकारी यांनीं, भारताखालीं हजार किलोमीटरांहून खोल, लहरी जलद जातात असे पट्टे दाखविले आणि ते त्या समुद्राचा बुडालेला थंड तळ होत असें प्रतिपादिलें. समुद्र आटून कोट्यवधि वर्षें लोटलीं, तरी त्याची फरशी अद्याप थंडच!

परंतु एक गोष्ट मनास टोंचते. या दिव्यास तेल पुरवितो तो भूकंपच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत सुमारें १०,००० माणसें गेलीं. बहुतेक झोंपेंत, स्वतःच्याच घरांच्या दगडमातीखालीं. आम्ही तेव्हां नोकरींत होतों. मुलांनीं घरोघर फिरून धान्य व पांघरुणें आणलीं. तीं बांधतांना वर्गांत कोणी बोलत नव्हतें. त्याच पहांटेच्या लहरी जगभरच्या यंत्रांवर उमटल्या, आणि त्यांच्या आगमनाच्या वेळा नोंदवून ठेवलेल्या आहेत. अशा नोंदींतूनच हीं सुंदर चित्रें बनतात, हें आठवलें म्हणजे त्यांकडे निव्वळ कौतुकानें पाहवत नाहीं.

तथापि उत्तम लहर घातकच असते असें नव्हे. २४ मे २०१३ रोजीं ओखोत्स्क समुद्राखालीं ८·३ प्रतीचा भूकंप झाला, तो सुमारें ६०० किलोमीटर खोल. त्याचे कंप थेट मॉस्कोंत जाणवले, जगभरच्या यंत्रांवर त्याच्या लहरी स्वच्छ उमटल्या, आणि मनुष्य मात्र एकहि दगावला नाहीं.