तीन वकिलांचं ऑफिस

चि. सायली,


मुंबईची मोठी फर्म घ्यावी की पुण्यातलं तीन वकिलांचं ऑफिस, असं विचारलंस. पगाराचं तुझं तू बघ. कामाचं मी सांगतो, कारण डॉक्टरांच्या निष्काळजीपणाच्या केसेस लढण्यातच माझी वकिली गेली.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली धरली आणि आमच्यासारख्यांच्या दाराशी पक्षकार येऊ लागले. (2024 मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांना मात्र त्या कायद्याबाहेर ठेवलं. माझे डॉक्टर मित्र हा विषय हटकून काढतात, आणि मी आमटी वाढून घेतो.)

पण आधी जोशी विरुद्ध गोडबोले वाच. गाईडमधला सारांश नको, अख्खा निकाल वाच. 1953 च्या मे महिन्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. पुण्याला आणून, नीट भूल न देता, जोर लावून पाय ओढला गेला, आणि 9 मे रोजी पोरगा गेला. नुकसानभरपाई 3,000 रुपये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 1968 उजाडलं. वादी बाप स्वतः डॉक्टर होता, हे लक्षात घे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकांना डिस्चार्ज कार्डावरचं अक्षरही लागत नाही. ते वाचणं हेच आपलं काम. युक्तिवाद वगैरे पुढचं.

मध्यंतरी बाळंतपणात दगावलेल्या एका बाईचे पेपर आले होते. नर्सिंग चार्टवर रात्री 2 वाजता बीपी 110/70, अडीचला तेच, 3 वाजता तेच. मृत्यू 3.10 ला. मी औषधांचे डोस ताडून पाहत बसलो होतो. तुझ्या मामीने, तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "हे सगळं एका बैठकीत भरलंय." एकच पेन, एकच दाब, आणि रक्तस्राव होत असलेल्या बाईचा बीपी तासभर जागचा हलत नाही! उलटतपासणीच्या प्रश्नावलीतले आमचे सगळे प्रश्न त्या तीन ओळींवर होते.

अशा केसेस थोड्या. जास्त वेळा समोरच्याला सांगावं लागतं की तुमचं माणूस गेलं, पण डॉक्टर चुकले नाहीत. उपचाराला यश आलं नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नव्हे, हे 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानेही बजावलंय. कायदा सोपा आहे गं. तो विधवेला समोर बसवून सांगणं अवघड. मोठ्या फर्ममध्ये ज्युनिअरपर्यंत फाइल येते, माणूस क्वचित. पुण्याच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात तुला अशा माणसासमोर बसवतील. फी न घेता परत पाठवलेल्यांची वही माझ्या सिनिअरांनी ठेवली होती. ती जमाखर्चाच्या वहीपेक्षा जाड होती. त्यामुळे बंगला झाला नाही, हेही ओघानं आलंच.

माझं मत पुण्याच्या बाजूने आहे, हे तू ओळखलं असशीलच. काहीही ठरव, पण रुजू व्हायच्या आधी मामीकडे चार दिवस ये. तिच्याकडून चार्ट वाचायला शीक: इनपुट-आउटपुट, टीपीआर, सगळं. जुने केस पेपर मी नावं खोडून काढून ठेवतो. येण्याआधी फोन कर. गुरुवारी मी ग्राहक आयोगात असतो.

तुझा,
मामा