पान्याची दांडी

श्रावणातल्या एका सकाळी उमरठला एसटीचं मागचं टायर बसलं. पाऊस नुकताच उघडला होता. कड्यांवरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या, खाचरांतला भात पोपटी झाला होता. माझी सहावीची मुलं गाडीभोवती गोळा झाली. वर्गात 'साधी यंत्रे' चालू होतं. मी पुस्तक पिशवीतच राहू दिलं.

ड्रायव्हरदादांनी पुढच्या चाकाला दगड लावला. मुलं ओरडली, "बाई, पाचर!" मग नटाला पाना लावून त्यांनी जोर केला. नट हलेना. तेव्हा पान्याच्या दांडीत लांब लोखंडी पाइप घातला आणि सगळ्यांत लहानखुऱ्या मुलीला म्हणाले, "ये गं बाय, टोकाला धर." ती दोन्ही हातांनी लोंबकळली. नट कुरकुरला आणि सुटला.

तिचे ते डोळे मला अजून दिसतात. दांडी दुप्पट लांब झाली की जोर निम्मा पुरतो, हात मात्र दुप्पट फिरवावा लागतो. निसर्ग फुकट काही देत नाही, पण दुबळ्यालाही वाट ठेवतो. हे मला फार मोठं वाटतं.

नट काढलेल्या बोल्टाच्या आट्यांवर मुलांनी बोटं फिरवली. वहीचं पान तिरकं कापून मी पेन्सिलीला गुंडाळलं. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. "आंबेनळीसारखी!" एकजण म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांत साधारण १३०० मीटर चढतो. सरासरी ३० मीटर चालावं तेव्हा गाडी एक मीटर वर येते. एवढ्या अवजड गाडीला डोंगर असं थोडं थोडं करून वर घेतो. गुरांना हे कुणी शिकवलं असेल? समोरच्या उतारावरच्या त्यांच्या वाटा बघा, सगळ्या आडव्या-तिरप्या. आणि वाटेवरच्या काळ्या कातळात पिंपळाचं केसाएवढं मूळ शिरलं होतं. वर्षावर्षाने जाड होत त्याने तो कातळ उकलला होता. त्या पाचरेपुढे मी मनोमन हात जोडले.

गाडी गेल्यावर आम्ही गावातल्याच तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी बसलो. ओल्या मातीचा वास होता, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर ते पडले. त्यांचं मढं घाटमाथ्यावरून इथे आणलं, म्हणून त्या वाटेला मढे घाट म्हणतात, अशी आठवण या भागात सांगतात. चाक फिरावं अशी ती वाटच नव्हती. माणसांचे खांदे होते. खांद्यावरचा दांडा हीसुद्धा तरफच, मी म्हणाले. ओझं मधोमध असलं तर दोघांना सारखं, एकीकडे सरकलं तर तिकडच्याला जास्त.

वाडीवरचा एक मुलगा इतका वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, "बाई, आजीला डोलीतनं खाली आणली तेव्हा झोळी आप्पांकडं सरकलेली. त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. रात्री आईने त्यांच्या खांद्याला तेल लावलं, तेव्हा कळलं."