रसोड्यातलं कपाट



दांडिया बाजारातलं आमचं घर १९६८ पासून भाड्याचं. बाबा गेले, आम्ही बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी. आई तिथेच आहे, वय ८४. मी गोत्रीहून रोज रिक्षाने जाऊन येते. तिच्या रसोड्यात (पुण्याचे पाहुणे या शब्दाला हसतात, हसू देत) भिंतीत बसवलेलं आठ दारांचं लाकडी कपाट आहे. गॅसजवळच्या दोन दारांचा रंग हात लावला की पापुद्रे होऊन बोटाला यायचा. आईने गेल्या श्रावणात जाहीर केलं, "हे रंगवायचं."

मालक खाली राहतात. बा होत्या तोवर प्रश्नच नव्हता, आता मुलगा बघतो. भाडेकरूने खिळा ठोकला तरी मालकाला वाटतं, आता हे काही हलत नाहीत, म्हणून विचारलेलं बरं. तो वर आला, कपाट पाहिलं आणि म्हणाला, "काकी, बे वरसमां तो मकान पाडवानुं छे. खोटो खर्चो शुं काम?"

आई म्हणाली, "तो बे वरस अमारे जमवानुं नहीं?"

तो हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आईने ते हो धरलं.

पहिल्यांदा मी माती खाल्ली. गणपतीच्या आत व्हायला हवं म्हणून ओल्या फडक्याने दारं पुसली आणि वासाचा त्रास नको म्हणून आणलेला पाण्याचा एनॅमल सरळ जुन्या ऑइल पेंटवर फासला. दोनच दारं केली हे नशीब. आठ दिवसांत रंग पापडासारखा सोलून हातात आला. चाळीस-पन्नास वर्षांच्या फोडण्यांचा चिकटा खाली तसाच, वर पावसाळी हवा. त्यावर रंग धरणार कशाला?

मग उत्तरायण होऊ दिली. त्याआधी गच्चीवर पतंगवाल्यांच्या पायाखाली दारं कुठे वाळत घालणार? बिजागऱ्या काढल्या, प्रत्येक दाराच्या मागे पेन्सिलीने आकडा घातला, कारण जुन्या सुताराची दोन दारं कधी सारखी नसतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्याने घासलं, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. पाणी अक्षरशः चहाच्या रंगाचं निघालं. साध्या पाण्याने पुसून दोन दिवस उन्हात. भेगांत लांबी भरली. मग पॉलिश पेपर, पण ओला करून. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगांची धूळ नाकात आणि नातवंडांच्या हाताला नको. मी मास्क लावला, चोथा कागदात गुंडाळून टाकला. मग प्रायमर, एक दिवस थांबून हलका हात पेपरचा, मग रंगाचे दोन पातळ हात. जाड हात दिला की ओघळ येतात आणि आतून ओलं राहतं. बसवल्यावरही चार दिवस दारं पूर्ण लावली नाहीत, नाहीतर चौकटीला चिकटतात.

घासताना खालचे रंग वर आले. क्रीमखाली आकाशी, तो माझ्या लग्नातला, १९८९. त्याखाली बाबांचा आवडता हिरवा. सगळ्यात खाली गेरूसारखा लाल, तो आमच्या आधीचा. आई बराच वेळ तिथे स्टूल घेऊन बसली होती. शेवटी म्हणाली, "हिरवाच आण."

सात नंबरचं दार मात्र तिने आतून घासू दिलं नाही. आतल्या बाजूला सगळा हिशोब आहे: दुधाचे खाडे, सिलिंडरच्या तारखा, आमच्या उंचीच्या रेघा. ते दार मी बाहेरूनच रंगवलं.

काम झाल्यावर मालकांचा मुलगा वर आला. आईने चहा टाकला, तो दारं उघडून बघत होता. सात नंबरपाशी थांबला. आमच्या रेघांत एक त्याची आहे, १९७७ ची. बा दवाखान्यात होत्या तेव्हा तो महिनाभर आमच्याकडेच जेवायचा. हे मी साफ विसरले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकी, मकान पाडीए त्यारे आ बारणुं मने आपजो."

आई म्हणाली, "ए तो हुं लई जईश."

कायद्याने दार त्याचंच, भिंतीतलं आहे. हे आईलाही माहीत आहे. त्याने वाद घातला नाही, चहा प्यायला आणि गेला. घर रिकामं करण्याचा कागद अजून आलेला नाही, पण येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला. आईने पेन्सिल मागितली आणि सात नंबरच्या आत, शेवटच्या ओळीखाली, तारीख घातली.