अंथरुणापुरती जागा

आमच्या आजोबांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकताना वार लावून जेवण केलं. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी मास्तरांकडे, अशी सात घरं. कन्नडात यालाच 'वारान्न' म्हणतात. झोपायला एका ओळखीच्यांची पडवी होती. ही हकिगत लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की, २०२२ साली एम.एस्सी.साठी बेंगळुरूला निघताना वाटलं, आपले दिवस किती सुखाचे!

तिथं गेल्यावर डोळे उघडले. कोरोनात गावी गेलेली आयटीची मंडळी परतत होती आणि भाडी भराभर चढत होती. घरमालक दहा-दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागत. बाबांचं उसाचं बिल अजून यायचं होतं. शेवटी गोकाककडच्या एका मित्राच्या पी.जी.त 'पाहुणा' म्हणून शिरलो. खोलीत तीन कॉट. मधल्या चिंचोळ्या जागेत रात्री माझी सतरंजी. पहाटे ती गुंडाळून कॉटखाली सरकवायची आणि मालक यायच्या आत बाहेर पडायचं. असे अडीच महिने काढले.

कॉलेजात, चहाच्या गाड्यावर, जो तो विचारायचा, "ऊटा आय्ता?" मी हसून "आय्तु" म्हणायचो. ते खोटं नव्हतं. घरीही फोनवर तेवढंच सांगायचो. कुठं झोपतोस, असं कुणी विचारत नाही.

संक्रांतीच्या सुमारास आई अचानक आली. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, सगळं घेऊन. मी तिला कॉलेज दाखवलं, लालबाग दाखवली. खोलीचं मात्र "नंतर जाऊ" म्हणत संध्याकाळ केली. बसस्टँडवर ती म्हणाली, "खोली दाखवू नकोस. पण कुठं झोपायलास, तेवढं सांग."

सांगितलं. बस सुटेपर्यंत ती काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी खात्यात डिपॉझिटपुरते पैसे जमा झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

शिक्षण संपवून मी बेळगावला परतलो, त्या वर्षी आईनं माडीवरची अडगळीची खोली रिकामी केली. आता तिथं खानापूर आणि अथणीकडची दोन मुलं राहतात. भाडं घेते, डिपॉझिट घेत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दोन महिन्यांचं तरी घ्यायचं होतं की हो."

आई म्हणाली, "मोडायला त्यांच्या आयांकडं काय आहे, कुणाला ठाऊक!"