कोरेगावचा वस्तरा

कोरेगावला लोक वाघ्या घेवडा घ्यायला जातात. मीही त्यासाठीच गेलो आणि वस्तरा घेऊन आलो!

साताऱ्याच्या पूर्वेचे हे तालुक्याचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्यानंतर लागते. पेठेत घेवड्याचा भाव विचारीत हिंडताना एका जुन्या सामानाच्या दुकानात, अडकित्ते आणि पितळी कुलपे यांच्या गर्दीत तो दिसला. शिंगाची मूठ, गंजलेले पाते आणि बुडाशी पुसट अक्षरे : शेफील्ड. अडीचशे रुपयांना सौदा पटला. मराठीच्या प्राध्यापकाला वस्तरा कशाला, असे तुम्ही विचाराल. दुकानदारानेही विचारले. मला उत्तर सुचले नाही.

गावातल्याच एका वृद्ध नाभिकांकडे तो नेला. त्यांचा मुलगा आता अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा वापरतो. गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलते. नानांनी माझे पाते उजेडाकडे धरून न्याहाळले. “चीर न्हाई. जगंल.”

तेल आणि बारीक पॉलिशकागद यांनी गंज निघाला. धारेला मात्र त्यांनी कागद लावू दिला नाही. मग दगड. मी पाते तिरपे धरताच नाना म्हणाले, “आवं सर, हा काय इळा हाय? आडवा निजवा. पाठ बी टेकली पायजे अन् धार बी.” वस्तऱ्याची जाड पाठच धारेचा कोन सांभाळते. दगडावर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. उलट केले की पट्टाच कापला जातो.

पाते उजळले, आणि मला वडिलांची आत्या आठवली. मी तिला पाहिले नव्हते. वडील सांगत : बालविधवा, अंगावर आलवण, आणि ठरल्या दिवशी मागल्या दाराने येणारी धोकटी.

नानांना हे सांगितले. पट्ट्यावरचा त्यांचा हात थांबला. “आमच्या आज्यानं ते काम सोडलं. मग दोन सुगी काही घरांतनं बलुतं आलं न्हाई.”

कोरेगावाहून पुसेगावच्या बाजूला गेले की महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण लागते. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हे साल मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो. त्या निर्धारापायी कोणाच्या घरची कणगी रिकामी राहिली असेल, हे कधी मनात आले नव्हते. आमच्या घरी तर एकाने नकार दिला असता, तर दुसरा शोधला गेला असता.

नानांनी मजुरी मोजून घेतली. “बलुत्याचे दिस गेले, सर,” ते हसून म्हणाले. “अन् वापरल्यावर कोरडा पुसा. हे पोलाद पाण्यानं गंजतं.”

या नरकचतुर्दशीला अभ्यंगापूर्वी त्याच वस्तऱ्याने दाढी केली. हनुवटीवर थोडे कापलेच. मग पाते कोरडे पुसून ठेवले. घेवडा मात्र आणायचा राहिला. पुन्हा कोरेगावला जायला तेवढे निमित्त पुरे.