शिळे पान, ताजे पान

दोन भाषा एकाच पानावर नांदवणे हे दोन जावांना एकाच चुलीशी नांदवण्याइतके नाजूक काम आहे. (जावा नावाची एक संगणकभाषाही आहे, तिचा येथे संबंध नाही.) दोघींचे एकमत असते तोवर पाहुण्याला सारे गोड वाटते. एक बदलली आणि दुसरी तशीच राहिली, की जेवणाऱ्याच्या ताटात काय पडेल याचा नेम नसतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत असल्याच एका संसारात मला शिरावे लागले.

माझा आतेभाऊ आणि त्याचे तीन मित्र आमच्या तालुक्याच्या गावी रोज संध्याकाळी मुलांना संकेतस्थळे बांधायला शिकवतात. त्यासाठी ते ‘जँगो’ नावाचे फ्रेमवर्क वापरतात. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. घर बांधताना पाया, खांब आणि तुळया आयत्या मिळाव्यात आणि आपण फक्त भिंती-खिडक्यांचा विचार करावा, तशी ही सोय. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जँगोचा जन्म झाला आणि २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. इंग्रजीत या नावाच्या आरंभी एक ‘डी’ असतो आणि तो उच्चारायचा नसतो, हे तिकडच्यांना मुद्दाम लिहून सांगावे लागते. आपल्या लिपीत तो खुलासाच नको! मराठीची ही एवढीशी जीत पाहून मला उगीचच उत्साह आला.

या मंडळींनी शिकणाऱ्यांसाठी एक द्वैभाषिक वही तयार केली होती. वही म्हणायची, पण पाने १४० आणि सारी संगणकातच. एक परिच्छेद इंग्रजी, त्याखाली तोच मराठीत, पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी. पाच-सहा वर्षांत अनेक हात तिच्यावरून फिरले होते. “तू मराठीची विद्यार्थिनी. शुद्धलेखन बघ आणि पाने जरा नीट लाव,” दादा म्हणाला. काम आठवड्याचे वाटले होते. सुट्टी पुरली नाही.

शुद्धलेखन हे तिथले खरे दुखणे नव्हतेच. बाजारपेठेतल्या एका दुकानात हिशेब लिहिणारा एक मुलगा तीन संध्याकाळी एकाच पानावर अडून बसला होता. कोणता पत्ता मागितला की कोणते पान दाखवायचे, हे जँगोला सांगण्यासाठी पूर्वी ‘यूआरएल’ नावाची एक सोय होती. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत तिच्या जागी ‘पाथ’ ही सोपी सोय आली आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये जुनी काढूनच टाकली. वहीतला इंग्रजी परिच्छेद कोणीतरी दुरुस्त केला होता. खालचा मराठी परिच्छेद मात्र अजून ‘यूआरएल’च शिकवत होता. संगणक दरवेळी ठोकळेबाज उत्तर देई, की या नावाचे इथे काही नाही.

त्या मुलाने इंग्रजी परिच्छेद वाचलाच नव्हता. मराठी त्याच्यासाठीच लिहिलेली, मग तो कशाला वाचील? पण वही चुकली असे त्याच्या मनातही आले नाही. तो खाली मान घालून म्हणाला, “मराठीतून शिकतोय ना ताई, म्हणून जमत नसेल.” हे वाक्य मला फार लागले. इंग्रजी कच्चे असल्याचा न्यूनगंड आपल्या मुलांना नवा नाही. पण त्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या मराठीनेच तो वाढवावा, हे मात्र नवे होते. भाषांतर नसते, तर तो कोश उघडून, धडपडत का होईना, इंग्रजीपाशी गेला असता. शिळ्या भाषांतराने त्याला आपलेपणाने जवळ बोलावले आणि चुकीची वाट दाखवली.

दोन भाषा शेजारी ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेच दोन स्तंभांत, एकात मराठी आणि एकात इंग्रजी. ही जोडपाने मला नेहमीच देखणी वाटत आली आहेत. पण वृत्तपत्राचा अंक एकदा छापला की दोन्ही स्तंभ कायमचे तसेच राहतात. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. इथे कागद वाळण्याच्या आत मजकूर बदलतो. अशा ठिकाणी भाषांतर करून मोकळे होता येत नाही. ते राखावे लागते, राखणदाराने शेत राखावे तसे.

म्हणून मी दादाला सुचवले की सगळे मराठीत ठेवण्याचा हट्ट सोडू. तो चिडला. “अगं, मराठीवाली तू आणि तूच मराठी कमी करायला निघालीस?” वाद दोन रात्री चालला. जँगोच्या मूळ दस्तऐवजाचे चार भाग आहेत. पहिला हाताला धरून शिकवणारा, दुसरा विषय समजावून सांगणारा, तिसरा एखादे नेमके काम कसे करावे ते सांगणारा आणि चौथा नावानिशी तपशील देणारा. मी म्हटले, विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून धीर देणारा काका आपल्या भाषेत बोलणारा हवा. पाणी किती पुरुष खोल आहे, ते पाटीवर कुठल्याही भाषेत लिहिलेले चालेल. तेव्हा शिकवणे आणि समजावणे एवढे मराठीत. तपशिलाचे कोष्टक इंग्रजीतच, कारण ते उघडणारा आता पोहू लागलेला असतो. चौघांपैकी एकाला हे अजूनही पटलेले नाही आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे असेही नाही. कोष्टक मराठीत नाही, म्हणजे तेवढे दार अर्धे बंदच.

मग एका पानावरची ती सरमिसळ मोडून आम्ही दोन भाषांची पाने वेगळी केली. जँगोचे दस्तऐवज बांधायला ‘स्फिंक्स’ नावाचे साधन वापरतात. तेच आम्हीही घेतले. ते प्रत्येक मूळ परिच्छेद आणि त्याचे भाषांतर यांची जोडी एका नोंदवहीत ठेवते. मुळात शब्द बदलला की भाषांतरावर ‘फझी’, म्हणजे धूसर, असा शिक्का पडतो आणि माणसाने ते पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला मूळ परिच्छेदच दिसतो. मध्येच इंग्रजी दिसते, पण शिळे काही दिसत नाही. भाषाप्रेमाच्या पुष्कळ भाषणांपेक्षा हा शिक्का मला अधिक प्रामाणिक वाटला.

शब्दांच्या बाबतीतही थोडे नमते घ्यावे लागले. ‘मायग्रेशन’ला जुन्या वहीत ‘स्थलांतर’ म्हटले होते. जँगोत त्याचा अर्थ माहितीच्या कोष्टकांची रचना टप्प्याटप्प्याने बदलणे. आमच्याकडच्या मुलांना मात्र स्थलांतर म्हटले की ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या दिसतात. मायग्रेशन तसेच ठेवले आणि ते समजावणारी वाक्ये अस्सल मराठी केली. मराठी वाक्याला तेवढा परका पाहुणा पेलतो.

आणि मूळ नेहमी इंग्रजीच का असावे? ‘रुबी’ ही संगणकभाषा १९९५ साली जपानात जाहीर झाली. तिचा अभ्यास करू पाहणाऱ्या इंग्रजांना-अमेरिकनांनाच आरंभी जपानीचा अडथळा होता. जँगोचा मूळ पहिला धडा मतदानाच्या कौलाचा आहे. आम्ही तो बदलून गावच्या वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदवहीचा केला आणि आधी मराठीत लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर मागाहून झाले. या एका धड्यापुरता धूसरचा शिक्का इंग्रजीवर पडतो!

आता वहीत मराठी पाने ३८ आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि तपासल्याची तारीख आहे. १४० वरून ३८ ही घसरण आहे असे कोणी म्हणेल, तर मी त्याला त्या तारखा दाखवीन. नवी आवृत्ती आली की त्या पुन्हा बदलाव्या लागतील, म्हणजे कोणालातरी ३८ पाने पुन्हा वाचावी लागतील. पुढच्या वेळची पहिली दहा पाने त्या हिशेब लिहिणाऱ्या मुलाने आपणहून मागून घेतली आहेत.